पेपरमिंटच्या बिस्किटाचा जमाखर्च

गेल्या वर्षी कोजागिरीच्या बैठकीत आपल्या मंडळात जो वाद झाला, तो बहुतेक भगिनींच्या स्मरणात असेलच. दिवाळीच्या फराळाची विक्री यापुढे कशी करावयाची, एवढाच प्रश्न होता. तरुण सभासदांचे म्हणणे असे, की नोकरी सांभाळून आठ-दहा दिवस मंडळाच्या खोलीत चकल्या पाडीत बसणे आता कोणालाच जमत नाही. तेव्हा एखाद्या आचाऱ्याकडून माल तयार करून घ्यावा आणि आपल्या नावाच्या पिशव्यांतून विकावा. वडीलधाऱ्या भगिनींना ते पटेना. "मग मंडळाचं त्यात राहिलं काय?" असे एकीने विचारले आणि बैठक तिथेच थांबली. मी खजिनदार. हिशेबाची वही मांडीवर घेऊन मी गप्प बसले होते. चिटणीसबाईंनी ते हेरले असावे, कारण स्मरणिकेसाठी लेख मागताना त्यांनी मला बजावले, की बैठकीत बोलला नाहीत ते आता लिहून तरी द्या.

म्हणून लिहिते. पण हा लेख चकलीवर नाही. अमेरिकेतल्या मुली विकतात त्या एका बिस्किटाची ही हकीकत आहे. त्याचा आपल्या वहीशी काय संबंध, ते ओघाने येईल.

२०१९ च्या फेब्रुवारीत मी न्यू जर्सीला मुलीकडे होते. नात तेव्हा दहा वर्षांची. ती तिथल्या 'गर्ल स्काउट' पथकात जात असे. आपल्याकडे पूर्वी ज्यांना वीरबाला म्हणत, त्यांतलाच हा प्रकार. एका शनिवारी सकाळी वाणसामानाच्या एका मोठ्या दुकानाबाहेर टेबल मांडून तिच्या पथकातल्या मुली बिस्किटांचे पुडे विकत होत्या आणि सोबतीला म्हणून मीही दोन शाली गुंडाळून उभी होते. थंडी अशी, की हातमोज्यांतून नोटा मोजता येईनात. मुलींना मात्र थंडीचे काही नव्हते. येणाऱ्याला नमस्कार करावा, पुडे दाखवावेत, उरलेली मोड बिनचूक परत द्यावी, "नको" म्हणाला तरी आभार मानावेत, असे सगळे चालले होते. पाच-सहा रंगांचे पुडे होते, पण येणारा प्रत्येक जण हिरवा पुडाच मागे. अकरा वाजायच्या आत हिरवे पुडे संपले आणि मुलींचे चेहरे उतरले.

घरी एक हिरवा पुडा राखून ठेवलेला होता. त्यात पातळ, गोल, काळसर बिस्किटे. वरून चॉकलेटचे आवरण. मी एक तोंडात टाकले आणि पहिला उद्गार काय निघाला असेल? "अगं, यात अमृतधारा घातली की काय!" मुलगी पोट धरून हसली, नातीला काही कळेना. पण माझे फारसे चुकले नव्हते. पुदिन्याचे फूल, ओव्याचे फूल आणि कापूर यांची ती अमृतधारा. आणि या बिस्किटात त्या पुदिन्याच्या फुलाचेच भावंड होते. चॉकलेट जिभेवर विरघळते न विरघळते तोच घशात गारवा उतरतो. दुसरे बिस्किट मी निमूटपणे घेतले, आणि तिसऱ्याच्या वेळी अमृतधारेचे नाव काढले नाही.

"हे तुम्ही मुली भाजता का गं?" असे मी नातीला विचारले. "नाही आजी, फॅक्टरीत होतात. खूप पूर्वी मुली स्वतः करायच्या," ती म्हणाली. या "खूप पूर्वी" शब्दांनी मला पकडले. तिच्याबरोबर वाचनालयात दोन-चार दुपारी काढल्या आणि जे हाती लागले ते टिपून घेतले. इथे आल्यावर पुढेही वाचीत गेले.

ही संघटना ज्यूलिएट गॉर्डन लो नावाच्या बाईंनी १२ मार्च १९१२ रोजी जॉर्जिया राज्यातल्या सव्हाना गावी स्थापन केली. पहिल्या दिवशी अठरा मुली होत्या. या बाईंना ऐकू फार कमी येई, आणि त्याचे एक कारण ऐकून मला चुटपुट लागली. १८८६ साली त्यांच्या लग्नात, तिकडच्या रीतीप्रमाणे, वधूवरांवर तांदूळ उधळले गेले. त्यांतला एक दाणा त्यांच्या कानात शिरला, तो काढताना कान दुखावला आणि पुढे त्या कानाने त्यांना ऐकू येईनासे झाले. दुसरा कान आधीच औषधोपचारात बिघडलेला होता. आपण अक्षता टाकताना कधी असा विचार करतो का? असो. जगातल्या गाइड मुलींसाठी जी मोजकी केंद्रे आहेत, त्यांतले चौथे आपल्या पुण्यात विश्रांतवाडीजवळ आहे. 'संगम' हे त्याचे नाव, आणि १६ ऑक्टोबर १९६६ रोजी ते उघडले. त्या रस्त्याने मी कितीदा गेले असेन, पण आत काय चालते याची चौकशी मात्र न्यू जर्सीहून परत आल्यावर केली.

बिस्किटविक्रीची पहिली नोंद मिळते ती १९१७ सालची, ओक्लाहोमा राज्यातल्या मस्कोगी गावची. तिथल्या मुलींनी घरी बिस्किटे भाजली आणि शाळेच्या उपाहारगृहात विकली. त्या पथकाचे नाव होते 'मिसलटो'. मिसलटो म्हणजे झाडावर वाढणारे बांडगूळ! तिकडे नाताळात ते शुभ म्हणून दारावर टांगतात, आणि ओक्लाहोमाने तर त्याला आपल्या प्रांताचे मानचिन्ह केले होते. आपल्या मंडळाचे नाव कोणी 'बांडगूळ' ठेवू म्हटले, तर काय होईल ते सांगायला नको.

त्या बिस्किटांत चॉकलेटही नव्हते आणि पेपरमिंटही नव्हते. साधी, साखरेची बिस्किटे ती. त्यांची कृती छापून आली १९२२ च्या जुलै महिन्यात, संघटनेच्या 'द अमेरिकन गर्ल' या मासिकात. शिकागोच्या फ्लॉरेन्स नील या बाईंनी ती लिहिली होती. एक कप लोणी, एक कप साखर, दोन अंडी, दोन मोठे चमचे दूध, चमचाभर व्हॅनिला, दोन कप मैदा आणि दोन चमचे बेकिंग पावडर. पीठ तासभर थंड जागी ठेवावे, लाटून तीन पाकळ्यांचे आकार कापावेत, वर साखर भुरभुरून आठ-दहा मिनिटे भाजावे. तीन पाकळ्यांचे ते पान हे त्या संघटनेचे चिन्ह. पाहताच आपल्याला बेलाची आठवण व्हावी असे.

कृती नीट आहेच, पण माझे लक्ष खिळले ते त्याखालच्या हिशेबाकडे. नीलबाईंनी मांडले आहे, की सहा-सात डझन बिस्किटांच्या सामानाला २६ ते ३६ सेंट पडतील आणि ती डझनाला २५ किंवा ३० सेंट दराने विकावीत. खजिनदाराच्या सवयीने मी लगेच कागद घेतला. सहा डझन २५ सेंटांनी विकली तर दीड डॉलर आला. जास्तीत जास्त खर्च वजा करता १ डॉलर १४ सेंट उरले. सात डझन ३० सेंटांनी गेली आणि सामान स्वस्तात मिळाले तर १ डॉलर ८४ सेंट. म्हणजे घातल्याच्या तिप्पट ते सातपट नफा! असा नफा कोणत्याही पेढीवर मिळणार नाही.

कागद बाजूला ठेवला आणि मग ध्यानात आले, की यात लोणी आहे, साखर आहे, अंडी आहेत, पण माणूस कुठेच नाही. लाटले कोणी, कापले कोणी, तापलेल्या ओव्हनसमोर उभे कोण राहिले आणि तुपाळलेले पत्रे घासले कोणी, याचा एक सेंटही मांडलेला नाही. मुली तर शिकत होत्या, त्यांचे श्रम धरू नयेत असे कोणी म्हणेल. पण दहा-बारा वर्षांच्या मुलींच्या मागे त्यांच्या आया उभ्या होत्या, हे कोणालाही समजेल. संघटनेच्या इतिहासात या आयांचा उल्लेख अगदी गौरवाने आला आहे. त्यांना 'तांत्रिक सल्लागार' म्हटले आहे. अंडी फेटणारी, ओव्हन सांभाळणारी आणि शेवटी मोरी धुणारी बाई म्हणजे तांत्रिक सल्लागार! मी वाचनालयातच मोठ्याने हसले. आणि हसता हसता मला माई आठवल्या.

नव्या सभासदांना माई ठाऊक नसतील. १९८८ साली मी नुकतीच खजिनदार झाले होते. त्या दिवाळीत मंडळाने चकली, शेव आणि अनारसे विकले. माई अकरा दिवस स्टोव्हपुढे बसल्या होत्या. तळणाचे तेल उडून त्यांच्या उजव्या मनगटावर रुपयाएवढा फोड आला होता. दिवाळीनंतरच्या सभेत मी मोठ्या दिमाखात हिशेब वाचला. भाजणी इतकी, तेल इतके, रॉकेल इतके, पिशव्या इतक्या आणि निव्वळ नफा आठशे चाळीस रुपये. टाळ्या झाल्या. टाळ्या थांबल्यावर माई कोपऱ्यातून म्हणाल्या, "अहो, तेल धरलंत, रॉकेल धरलंत. माझे अकरा दिवस कुठे मांडलेत?" सगळ्या हसल्या. माई विनोदी बोलत, असा त्यांचा लौकिक होता. मीही हसले आणि वही मिटली. पुढच्या वर्षी माई आल्या नाहीत. सून बाळंतीण आहे असे त्यांनी कळवले. त्यापुढच्या वर्षीही त्या आल्या नाहीत. आता त्या हयात नाहीत, आणि तो प्रश्न त्यांनी विनोदाने विचारला होता की नाही, हे मला आता कधी कळणार नाही.

पुन्हा अमेरिकेकडे वळते. १९२० च्या दशकात गावोगावच्या मुली अशीच घरी बिस्किटे भाजून, मेणकागदाच्या पिशव्यांत भरून, दारोदार विकीत होत्या. मग मंदीचा काळ आला. १९३३ साली फिलाडेल्फिया शहरात तिथल्या गॅस आणि विजेच्या कंपनीच्या दर्शनी काचेआड मुलींना बिस्किटे भाजायला बसवले. कंपनीला आपले ओव्हन लोकांना दाखवायचे असणार आणि मुलींना आपली बिस्किटे. ४४ बिस्किटांचा पुडा २३ सेंटांना आणि सहा पुडे घेतल्यास १ डॉलर २४ सेंट, म्हणजे गिऱ्हाइकाला १४ सेंटांची सूट. मी पुन्हा कागद घेतला. डझनाला साडेसहा सेंटही पडत नाहीत! अकरा वर्षांपूर्वी नीलबाईंनी पंचवीस-तीस सेंट सांगितले होते. बिस्किट लहान झाले असेल, मैदा-साखर उतरली असेल, हे सर्व मान्य. पण माणसाच्या श्रमाला हिशेबात मुळीच किंमत नसली, की भाव हवा तेवढा खाली आणता येतो, हेही तितकेच खरे.

मालाला मागणी इतकी आली, की घरच्या ओव्हनांना ती पेलवेना. दुसऱ्याच वर्षी, १९३४ साली, फिलाडेल्फियाच्या संघटनेने बेकरीच्या कारखान्याकडून बिस्किटे करून घेतली. असे करणारी ती पहिलीच. १९३५ मध्ये न्यूयॉर्कच्या संघटनेने तीन पाकळ्यांचा स्वतःचा साचा विकत घेतला आणि पुड्यावर 'गर्ल स्काउट कुकीज' हे नाव घातले. १९३६ मध्ये मध्यवर्ती संघटनेने कारखान्यांना परवाने द्यायला सुरुवात केली आणि १९३७ पर्यंत सव्वाशेहून अधिक ठिकाणी अशी विक्री होऊ लागली. चार वर्षांत बिस्किट स्वयंपाकघरातून उठून कारखान्यात गेले. आपल्या बैठकीत झाला तसा वाद तिथेही घरोघरी झालाच असेल.

आणि आता कुठे आपले पेपरमिंटचे बिस्किट येते. १९३९ च्या सुमारास कारखान्यांतून ते निघू लागले. तेव्हा त्याला 'कुकी-मिंट' म्हणत. म्हणजे हे बिस्किट मुलींच्या घरी कधी जन्मलेच नाही. ते जन्मापासून कारखान्यातले. दुसऱ्या महायुद्धात साखर, मैदा आणि लोणी यांची टंचाई झाली, तेव्हा १९४४ साली मुलींनी बिस्किटांऐवजी दिनदर्शिका विकल्या. युद्ध संपल्यावर पुन्हा बिस्किटे आली आणि १९४८ पर्यंत एकोणतीस कारखान्यांना परवाने मिळाले होते. १९५१ साली मुख्य प्रकार तीनच होते: एक जोडबिस्किट, एक साधे खुसखुशीत आणि तिसरे 'चॉकलेट मिंट'. नाव पुढे बदलले. आता त्याला 'थिन मिंट' म्हणतात. कारखाने कमी होत होत दोनवर आले आहेत, आणि सगळे प्रकार मिळून वर्षाला सुमारे वीस कोटी पुडे खपतात. त्यांत पहिला मान या हिरव्या पुड्याचा.

हा मान त्याला का मिळाला, याचा मी थोडा शोध घेतला, कारण चॉकलेट आणि पुदिना ही जोडी कोणाला कशी सुचली असेल, याचे मला नवल वाटे. पेपरमिंट म्हणजे आपल्या चटणीतला पुदिना नव्हे. पुदिन्याच्या दोन जातींचा आपोआप संकर होऊन ते झाड झाले. इंग्लंडात जॉन रे या वनस्पतिशास्त्रज्ञाने सतराव्या शतकाच्या अखेरीस त्याची नोंद केली. संकर असल्यामुळे ते बी धरीत नाही. धुमारे तोडूनच लावावे लागते. लंडनजवळच्या मिचम गावातली त्याची शेते प्रसिद्ध होती. तिथून ते अमेरिकेत गेले आणि मिशिगन राज्यातल्या कॅलमझू गावच्या अल्बर्ट टॉड या गृहस्थांनी त्याच्या तेलाचा एवढा मोठा व्यापार केला, की लोक त्यांना पेपरमिंटचा राजा म्हणत. तेव्हा अमेरिकन बिस्किटवाल्यांना हे तेल घरचेच होते. आपल्याकडे १९५० च्या दशकात जपानी पुदिन्याची लागवड सुरू झाली, आणि आज मेन्थॉलच्या उत्पादनात भारत जगात पहिला आहे. बाराबंकी, रामपूर, बदायूँ या उत्तर प्रदेशातल्या जिल्ह्यांत त्याची शेते आहेत. आपण सर्दीला छातीवर चोळतो त्या मलमातला गारवा तोच.

हा गारवा खरा नसतो, ही गंमत मला अलीकडे कळली. जिभेचे तापमान काही उतरत नाही. थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंवर जे दार असते, तेच दार मेन्थॉल उघडते आणि मेंदूला वाटते, की गार लागले. हे दार २००२ साली सापडले, आणि ते शोधणाऱ्या दोघा शास्त्रज्ञांना, इतर कामासह, २०२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. चॉकलेटचे याच्या उलट. कोकोतली चरबी ३४ अंशांच्या आसपास, म्हणजे बरोबर आपल्या तोंडाच्या उबेला वितळते. एक ऊब मागते, दुसरे गारव्याचा भास देते. विड्यात कात-चुन्याबरोबर लवंग घालणाऱ्या आपल्या लोकांना ही जोडी समजायला जड जाऊ नये.

घरी चॉकलेटची बिस्किटे करणे शक्य झाले, त्याचे श्रेय हॉलंडच्या व्हॅन हूटेन कुटुंबाला द्यावे लागते. १८२८ साली त्यांनी कोकोतली चरबी दाबून वेगळी काढायची रीत शोधली आणि उरलेल्या पेंडीची भुकटी झाली. तीच आपली कोको पावडर. 'कुकी' हा शब्दही डच भाषेतूनच इंग्रजीत गेला. आणि आपली नानकटाई? तीही सुरतेच्या डच वखारीच्या भट्टीतून पारशी बेकरीवाल्यांनी उचलली, असे सांगतात. मग ही सगळी चुलत भावंडेच झाली. माझ्या लहानपणी आई रवा, मैदा, तूप आणि पिठीसाखर यांचा डबा माझ्या हाती देऊन गल्लीतल्या बेकरीत पाठवीत असे. बेकरीवाला मळून, पत्र्यावर घालून भाजून देई. मजुरी शेरावर. ती देताना आईने कधी घासाघीस केली नाही. बाहेरच्या माणसाच्या हाताची मजुरी असते, हे आईलाही ठाऊक होते. घरच्या हाताची मात्र तिने कधी कोणाकडे मागितली नाही.

तर त्या शनिवारी हिरवे पुडे संपले, तेव्हा नातीने हट्ट धरला, की आपण घरीच करू. तिकडे पुष्कळ घरांतून आता याची नक्कल करतात. साखरेचे बिस्किट घरातून कारखान्यात गेले आणि हे कारखान्यातून घरात आले, अशी ही उलटी वाट. आम्ही दीड कप मैदा, अर्धा कप कोको आणि चिमूटभर मीठ चाळून घेतले. पाऊण कप लोणी आणि पाऊण कप पिठीसाखर फेसली, त्यात ते मिसळले आणि दोन चमचे दूध घालून गोळा केला. अंडे नाही, पुड्यावरच्या यादीतही ते नव्हते, हे आपल्यातल्या शाकाहारी भगिनींनी टिपून ठेवावे. गोळा दोन कागदांच्या मध्ये धरून पातळ लाटला. पुरीपेक्षा जरा जाड. अर्धा तास थंड करून वाटीच्या काठाने, म्हणजे दोन इंची, चकत्या कापल्या आणि १७५ अंशांवर दहा-बारा मिनिटे भाजल्या. काळ्या पिठाचा रंग बदललेला दिसत नाही, म्हणून घड्याळावरच भरवसा ठेवावा. गरम असताना त्या मऊ लागतात. गार झाल्यावर कुरकुरीत होतात.

इथपर्यंत छान झाले. फजिती पुढे झाली. चॉकलेट उकळत्या पाण्यावरच्या भांड्यात वितळवले आणि नातीने ओला चमचा त्यात बुडवला. डोळ्यांदेखत त्या चकचकीत रसाचा वाळूसारखा गोळा झाला. पाण्याचा एक थेंब चॉकलेटला पुरतो. नात रडवेली झाली. "आजी, आता हे फेकून द्यायचं?" मी म्हटले, "फेकायचं कशाला? दूध घालून पिऊन टाकू." आणि तसेच केले. दुसऱ्या वेळी तीनशे ग्रॅम चॉकलेटपैकी दोन भाग वितळवून खाली उतरवले, उरलेला एक भाग त्यात ढवळून विरघळवला. असे केल्याने आवरण चकाकते. मग खाण्याच्या पेपरमिंट तेलाचे आठ थेंब. अर्क घालू नये, तेलच घालावे, आणि हात आवरावा; दोन थेंब जास्त झाले तर खरोखरच अमृतधारा होते. एकेक चकती काट्यावर धरून बुडवायची, निथळवायची, कागदावर ठेवायची. साठ-पासष्ट चकत्या बुडवता बुडवता माझी कंबर धरली आणि नातीचा उत्साह चाळिसाव्या चकतीला संपला. त्याच वेळी ती म्हणाली, "आजी, एका पुड्याला इतकं काम असतं?" तिच्या पथकाला पुड्यामागे साधारण एक डॉलरपेक्षाही कमी मिळत असे, बाकी कारखाना आणि प्रादेशिक संघटना यांच्याकडे जाई. मी ते तिला सांगितले. तिने बोटांवर बरेच हिशेब केले आणि म्हणाली, "तरी फॅक्टरीच बरी."

मला तिचे उत्तर आवडले, हे कबूल करते. कारखान्यात गेल्याने त्या आया ओव्हनपुढून सुटल्या, आणि मुली विकायला, मोजायला, अनोळखी माणसाशी बोलायला शिकल्या. भाजायला मात्र शिकल्या नाहीत. आणि पुड्यावर कारखान्याचे नाव छापलेले असते. मुलींनी भाजले असे कोणी भासवीत नाही. आचाऱ्याचा फराळ आपल्या पिशवीत घालायला माझी हरकत नाही, पण पिशवीवर तसे लिहावे. आणि घरच्या हातांनी करायचा असेल, तर ते हात वहीत यावेत. यात नवीन काही नाही. १९५९ च्या मार्चमध्ये मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती भगिनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला बसल्या. त्यांनी पहिल्यापासून लाटणारीला मालकीण मानले आणि लाटलेल्या वजनावर तिची मजुरी मांडली. 'लिज्जत'चा पुढचा पसारा सर्वांना ठाऊक आहे. त्याच मुंबईच्या जवळ राहून आपण १९८८ साली माईंना हसलो.

वर्धापनदिनाच्या चहाबरोबर ही बिस्किटे ठेवावीत, असे चिटणीसबाईंनी सुचवले. परवा मी ती घरी केली. उन्हाळा असल्यामुळे चॉकलेट काही केल्या आळेना; शेवटी सगळी ताटे शीतकपाटात सरकवावी लागली. वहीत नोंद केली आहे ती अशी: सामान ५१० रुपये. बिस्किटे ६४, त्यांपैकी दोन फुटली, ती घरात खाल्ली. वेळ चार तास दहा मिनिटे, त्यांत सूनबाईंची पाऊण तास मदत. भांडी घासण्याची पंचवीस मिनिटे धरली आहेत. वेळेसाठी नवा रकाना आखला आहे. त्याच्यापुढची रुपयांची जागा मोकळी ठेवली आहे. तिथे कोणता दर घालायचा ते येत्या बैठकीत सर्वांनी मिळून ठरवावे, ही विनंती.